गाडी ताब्यात येण्यापूर्वी दिलेले पैसे

नवी मोटार घेणारे कुटुंब बहुधा घराखालोखालची आपली सर्वांत मोठी खरेदी करत असते, आणि तरीही या खरेदीत पैसा नेमका कोणाकडे, कधी आणि कशाच्या भरवशावर जातो, हे त्याला क्वचितच कोणी समजावून सांगतो. बुकिंगची रक्कम भरली जाते, काही आठवडे किंवा महिने वाट पाहिली जाते, ‘तुमची गाडी लागली’ असा फोन आला की उरलेली सारी रक्कम डीलरच्या खात्यात जमा होते, आणि मग विमा, पासिंग, नंबर प्लेट हे सोपस्कार उरकून किल्ली हातात पडेपर्यंत ग्राहकाजवळ एका पावतीखेरीज काहीही नसते. बहुतेक व्यवहार सुरळीत पार पडतात हे खरे आहे. परंतु ते पार पडतात डीलरच्या सचोटीमुळे आणि त्याच्या गल्ल्यात खेळते भांडवल असल्यामुळे. कायद्याने ग्राहकाच्या हाती दिलेल्या हमीमुळे नव्हे. ताब्याआधी दिलेली ही रक्कम म्हणजे ग्राहकाने डीलरला दिलेले बिनतारण कर्ज आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ग्राहकाने, गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी आणि शासनानेही तिच्याकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

हे विधान टोकाचे वाटत असेल तर कायद्याची स्थिती पाहावी. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १८ प्रमाणे विकायचा माल जोवर निश्चित झालेला नाही तोवर त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही. ‘पांढरा रंग, वरचे मॉडेल, पेट्रोल’ एवढ्या वर्णनावर केलेले बुकिंग हे अशा अनिश्चित मालाचेच असते; कंपनीच्या गोदामात त्या वर्णनाच्या शेकडो गाड्या असतात आणि त्यांपैकी एकही तुमची नसते. एक विशिष्ट चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतंत्र क्रमांक, तुमच्या व्यवहाराला जोडला जातो, तेव्हा कुठे मालकीच्या गोष्टीला सुरुवात होते. तोवर तुम्ही पूर्ण किंमत मोजली असली तरी तुमच्याकडे असतो तो डीलरविरुद्ध फक्त पैशांचा दावा.

आता डीलरची बाजू पाहू. शोरूममध्ये आणि मागच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्या सहसा त्याच्या स्वतःच्या पैशांच्या नसतात. त्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या कर्जातून उचललेल्या असतात आणि त्यांच्यावर त्या संस्थेचा बोजा असतो. विक्री मंदावली की व्याज चढू लागते, महिनाअखेरीस कंपनीकडून ठरलेला माल उचलण्याचा तगादा असतोच, आणि अशा वेळी ग्राहकांकडून आलेल्या पैशांतून आधीची देणी भागवण्याचा मोह होतो. एका ग्राहकाच्या रकमेतून दुसऱ्याची गाडी सोडवायची, तिसऱ्याच्या रकमेतून बँकेचा हप्ता भरायचा, अशी याची टोपी त्याच्या डोक्यावर करत काही डीलर महिनोन्‌महिने तग धरतात. यात प्रत्येक वेळी सुरुवातीपासून लबाडीचा हेतू असतोच असे मला वाटत नाही. पुष्कळदा तो बुडत्या धंद्याचा केविलवाणा हिशेब असतो. मात्र शोरूमचे शटर एका सकाळी उघडले नाही, तर बाहेर पावत्या घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांना हेतूच्या या बारकाव्याचा काहीच उपयोग नसतो.

अशी डीलर कंपनी दिवाळखोरीत गेली तर काय होते? माल किंवा सेवा मिळण्यासाठी आगाऊ पैसे देणारा हा ‘ऑपरेशनल क्रेडिटर’ म्हणजे व्यवहारातील धनको मानता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. ही मान्यता महत्त्वाची असली तरी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील वाटपाच्या क्रमात तारण घेतलेल्या बँका पुढे असतात आणि असा धनको बराच मागे. घर बुक करणाऱ्यांची हीच दैना झाली होती, तेव्हा २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून त्यांना वित्तीय धनकोंचा, म्हणजे कर्जाऊ पैसे देणाऱ्यांचा, दर्जा देण्यात आला. मोटार बुक करणाऱ्यांसाठी अशी कोणतीही तरतूद नाही.

‘पण पाटीवर तर मोठ्या कंपनीचे नाव आहे’ हा दिलासा ग्राहक स्वतःला देत असतो, आणि तो किती तोकडा आहे हे गोव्यातील एका प्रकरणाने दाखवून दिले आहे. तेथील एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी गाडी म्हणून पैसे मोजले आणि डीलरने त्याला २००९ सालची, आधी वापरात आलेली गाडी दिली. ग्राहक मंचांनी डीलरबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवरील जबाबदारी काढून टाकली. कंपनी आणि डीलर यांचे नाते मालक आणि मुखत्याराचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. डीलरच्या गैरकृत्याची कंपनीला माहिती होती असे दाखवल्याशिवाय त्याचे ओझे कंपनीवर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. करारकायद्याच्या चौकटीत हा निकाल सुसंगत असेल, पण ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ कठोर आहे. जाहिरात कंपनीची, पाटी कंपनीची, कागदांवरचे बोधचिन्ह कंपनीचे, आणि पैसे मात्र अशा एका स्थानिक संस्थेच्या हवाली, जिचा ताळेबंद ग्राहकाने कधी पाहिलेला नाही.

याच्याही खालची पायरी म्हणजे शोरूममधील सेल्समन. ओळखीतून, शेजारातून, भावाच्या मित्राकडून गाडी घेण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्या ओळखीच्या जोरावर ‘रोख माझ्याकडे द्या, मी काउंटरला भरतो’ किंवा ‘माझ्या नंबरवर टाका, डिस्काउंट ॲडजस्ट करायला सोपे पडते’ अशी विनंती येते. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ मधील एक निकाल प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवावा असा आहे. एका महिलेने स्टेट बँकेतील आपल्या खात्यात भरण्यासाठी पैसे बँकेच्या कर्मचाऱ्याकडे दिले, जो तिच्या पतीचा मित्रही होता. त्याने ते लाटले. बँक जबाबदार नाही असे न्यायालयाने ठरवले, कारण तो व्यवहार बँकेच्या कामाचा भाग म्हणून झालेला नसून खाजगी विश्वासातून झालेला होता. सेल्समनच्या वैयक्तिक खात्यात गेलेल्या पैशांबाबत डीलर हाच युक्तिवाद करतो, आणि तो सहजासहजी मोडून काढता येत नाही. म्हणून पैसे डीलरशिपच्या नोंदणीकृत नावाच्या चालू खात्यातच गेले पाहिजेत, आणि याला कोणत्याही ओळखीचा अपवाद नसावा. पाटीवरचे नाव आणि खात्याचे नाव वेगळे असू शकते, हे ठीक. अशा वेळी कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून त्यामागचे कायदेशीर नाव पाहता येते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी या पद्धतींनी एका बँक खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवताना समोरच्या खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांना द्यावी लागते. तेथे दिसणारे नाव कोटेशनवरच्या कायदेशीर नावाशी जुळले नाही तर तेथेच थांबावे.

पैसे कसे द्यायचे यापेक्षाही कधी द्यायचे हा प्रश्न मोठा आहे. एके काळी चेक वटायला दिवस लागत, म्हणून डीलर चार दिवस आधी पैसे मागे आणि त्यात तथ्य होते. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे आणि रक्कम अर्ध्या तासात समोरच्या खात्यात जमा होणे अपेक्षित असते. गाडी यार्डात समोर उभी आहे, तिचा चासी नंबर तुम्ही स्वतः वाचला आहे आणि तो तुमच्या नावाच्या कागदावर उतरला आहे, अशा स्थितीत तेथेच उभे राहून रक्कम पाठवणे आता सहज शक्य आहे. तरीही जुनी सवय म्हणून ‘आठवडाभर आधी फुल पेमेंट’ मागितले जात असेल, तर ते कशासाठी, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाने बजावला पाहिजे. एकदा गेलेली आरटीजीएस रक्कम घेणाऱ्याच्या संमतीखेरीज परत येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करण्याचे काम डीलरवर टाकले, आणि नोंदणी क्रमांक गाडीवर लागल्याशिवाय ती मालकाच्या ताब्यात देऊ नये असा दंडक घातला. विनाक्रमांकाच्या गाड्या रस्त्यावर फिरू नयेत यासाठी हे योग्यच आहे. पण नोंदणीसाठी ग्राहकाच्या नावाचे बिल आणि विमा लागतो, आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय डीलर बिल फाडत नाही. कारण नोंदणी झाल्यावर ग्राहक फिरकला नाही तर तीच गाडी बाजारात जुनी ठरते. त्यामुळे पैसे देणे आणि गाडी मिळणे यांच्यामधले अंतर कायद्यानेच वाढवले, मात्र त्या मधल्या काळात पैशाला संरक्षण देण्याची तरतूद केली नाही. डीलरचा धोका समजून घेऊनही माझे मत असे आहे की तो दोघांनी वाटून घ्यायला हवा. चासी नंबर ठरेपर्यंत किरकोळ बुकिंग रक्कम, गाडी पाहून चासी नंबरासह कर-बिल तयार होताना मोठा हिस्सा, आणि शासनाच्या ‘वाहन’ या पोर्टलवर आपल्या नावाने नोंदणी दिसू लागल्यावर उरलेला लहानसा पण दोघांनाही जाणवेल एवढा भाग, अशी विभागणी मागण्यात काही गैर नाही. सगळे डीलर ती मान्य करणार नाहीत. जे करतील त्यांच्या आर्थिक स्थितीबद्दलही त्यातून काही कळते.

बुकिंगची पावती हातात घेऊन एकदा शांतपणे वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. वरच्या भागात नाव, मॉडेल, रंग, रक्कम आणि शिक्का असतो आणि आपले डोळे तेथेच थांबतात. खालच्या बारीक अक्षरांत मात्र लिहिलेले असते की किंमत ताब्याच्या दिवशी लागू असेल ती राहील, ताब्याची तारीख अंदाजे आहे, बुकिंग रद्द केल्यास अमुक रक्कम कापली जाईल आणि वाद अमुक शहराच्याच न्यायालयात चालेल. मागे कधी कधी कार्बनची पुसट प्रत असते आणि सही अशा माणसाची असते ज्याचे नाव कोठेही लिहिलेले नसते. ज्या गोष्टी ग्राहकाला हव्या असतात त्या या कागदावर नसतात: ताब्याची शेवटची तारीख, ती चुकल्यास व्याजासह परतावा, कबूल केलेली सूट, मोफत म्हणून सांगितलेले सामान. हे सगळे त्याच दिवशी डीलरच्या अधिकृत ईमेलवर लिहून पाठवावे आणि उत्तर मागवावे. तोंडी दिलेल्या शब्दाला पुढे पुरावा राहत नाही, आणि तो देणारा सेल्समन सहा महिन्यांनी दुसऱ्या शोरूममध्ये असतो. न्यायालयाच्या शहराबद्दलच्या त्या ओळीने मात्र दबून जाऊ नये, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

ऑन-रोड किंमत या एका आकड्याखाली जे जे दडलेले असते ते सुटे करून घेणे हाही स्वसंरक्षणाचाच भाग आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी वाहनकर आहे. म्हणजे एका मध्यम गाडीमागे लाखाच्या आसपास रक्कम शासनाला पोहोचवण्यासाठी म्हणून डीलरच्या हातून जाते. ती खरोखर भरली गेली का, याची पावती मिळते आणि ती मागून घ्यावी. एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या वर असेल तर डीलर एक टक्का कर गोळा करून तुमच्या पॅनवर जमा करतो. काही महिन्यांनी ती नोंद आयकर खात्याकडच्या तुमच्या करजमा विवरणात दिसली नाही, तर पैसे मधेच कोठेतरी अडले आहेत असे समजावे. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. तीन वर्षांचा तृतीयपक्ष विमा सक्तीचा आहे, पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे ग्राहक ठरवतो, आणि ‘आमचा विमा नसेल तर सूट नाही’ या अटीतली सूट किती आणि विम्याच्या हप्त्यातला फरक किती, हे कागदावर मांडले की पुष्कळदा अटीची हवा निघून जाते. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ या नावाखाली काही हजार लावले असतील तर त्याबदल्यात कोणती सेवा मिळाली हे लेखी विचारावे. बऱ्याच वेळा तो आकडा पुढच्या कोटेशनमधून आपोआप गळतो. रोखीचा मोह दोन्ही बाजूंनी टाळायला हवा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे, आणि बिलाबाहेर दिलेली रोख रक्कम कोणत्याही मंचापुढे सिद्ध करणे अवघड असते.

कर्ज काढून गाडी घेणाऱ्यांना वाटते की बँक मध्ये आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत. बँक स्वतःला सुरक्षित ठेवते. डीलरच्या खात्यात कर्जाची रक्कम गेली की हप्ता सुरू होतो, गाडी आली असो वा नसो, आणि मार्जिन मनी म्हणून ग्राहकाने स्वतःच्या खिशातून भरलेले पैसे तर बँकेच्या हिशेबात कोठेच नसतात. त्यामुळे चासी नंबर असलेले बिल पाहिल्याशिवाय रक्कम डीलरला देऊ नये, अशी लेखी सूचना बँकेला देणे शहाणपणाचे आहे.

या सगळ्याच्या आड येतो मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा या दिवशी गाडी दारात यावी ही इच्छा मनापासूनची असते आणि तिचा मला आदर आहे. परंतु नेमक्या याच दिवसांत शोरूममध्ये रांगा लागतात, ‘आज पूर्ण पैसे भरले नाहीत तर दसऱ्याला गाडी देता येणार नाही’ असे सांगितले जाते, आणि वर्षभर काटेकोर हिशेब ठेवणारी माणसे गाडीचा नंबर न पाहता लाखो रुपये पाठवून मोकळी होतात. मुहूर्तावर गाडी घरी आणायची असेल तर तपासणीचा दिवस त्याच्या बराच आधी ठरवावा, म्हणजे नाही म्हणण्याची संधी हातात राहते.

तरीही एकेका ग्राहकाच्या सावधगिरीवर सारा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी आलेल्या रेरा कायद्याने बिल्डरला नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. घराच्या मानाने मोटार हा कितीतरी सोपा व्यवहार आहे: वस्तू तयार असते, तिला एकमेव क्रमांक असतो, तिची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात राहावेत, चासी नंबर बिलावर चढावा आणि नोंदणी झाल्याची खूण पोर्टलवरून मिळताच ते डीलरला मिळावेत, अशी व्यवस्था उभारायला लागणारे सारे तांत्रिक साहित्य आज उपलब्ध आहे.

कंपन्यांनाही हे अशक्य नाही. पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने ऑक्टोबर २०२१ पासून अशी पद्धत सुरू केली की गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा राहतो, ग्राहकाला बिलही कंपनीच देते आणि शोरूम चालवणारा भागीदार मोबदल्यावर काम करतो. महागड्या गाडीच्या ग्राहकाला जे संरक्षण मिळते ते सात लाखांची गाडी घेणाऱ्याला का मिळू नये, याचे पटण्याजोगे उत्तर मला सापडत नाही; उलट ज्याची सारी बचत त्या सात लाखांत आहे त्यालाच त्याची अधिक गरज आहे. डीलरांचीही गाऱ्हाणी खरी आहेत. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये आणि फोर्डने २०२१ मध्ये भारतातील विक्रीतून अंग काढून घेतले तेव्हा अनेक डीलरांची गुंतवणूक मातीमोल झाली, आणि त्यांची फाडा ही संघटना डीलरांच्या संरक्षणासाठी कायदा मागत आली आहे. तसा कायदा जरूर व्हावा, पण कंपनी-डीलर संबंध कायद्याच्या कक्षेत आणताना त्या दोघांच्या मधोमध अडकणाऱ्या ग्राहकाच्या आगाऊ रकमेची जबाबदारी दोघांवर संयुक्तपणे टाकणारे कलम त्यात असलेच पाहिजे.

संसदेची वाट न पाहता करता येण्याजोगी एक गोष्टही आहे. प्रत्येक डीलरला नोंदणी न झालेल्या गाड्या बाळगण्यासाठी परिवहन कार्यालयाकडून व्यवसाय प्रमाणपत्र घ्यावे लागते; २०२२ च्या सुधारित नियमांनुसार त्याची मुदत पाच वर्षांची आहे आणि त्यासाठी उत्पादक कंपनीने दिलेले अधिकृत डीलर असल्याचे पत्र जोडावे लागते. म्हणजे कंपनी शासनापुढे लेखी सांगते की हा माझा डीलर आहे. त्याच कागदाबरोबर ग्राहकांच्या आगाऊ रकमांच्या प्रमाणात बँक हमी घेता येईल अशी सुधारणा केंद्राने नियमांत करावी, यासाठी राज्याच्या परिवहन विभागाने पाठपुरावा करावा. आणि तोवर ज्या डीलरविरुद्ध पैसे घेऊन गाडी न दिल्याच्या तक्रारी सिद्ध झाल्या आहेत त्याचे प्रमाणपत्र नूतनीकरणाला येईल तेव्हा त्या तक्रारी फायलीत असतील, एवढे पाहावे. यासाठी फसलेल्या ग्राहकांनीही गप्प बसता कामा नये. ताब्याची तारीख उलटली की लेखी नोटीस, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी जिल्हा आयोगाकडे अर्ज. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्क नाही आणि पन्नास लाखांपर्यंत ते हजार रुपयांपुढे जात नाही. त्या अर्जाची एक प्रत आपल्या आरटीओ कार्यालयात देऊन तिच्यावर आवक शिक्का मारून घ्यावा.